आम्ही की आपण? : हिरोशिमाच्या शांतिस्मारकातील अनुक्त कर्ता

प्रस्तावना

विजयस्मारकाचे व्याकरण सोपे असते. कोणी कोणाला, कोठे व केव्हा हरविले एवढे सांगितले की त्याचे काम संपते. शांतीच्या स्मारकाला ही सोय नाही. त्याला मृतांचे स्मरण तर करावयाचे असते; पण त्यांना कोणी मारले हे ठळकपणे सांगितले की स्मारकाचे आरोपपत्र होते, आणि मुळीच सांगितले नाही की मृतांशी प्रतारणा होते. या पेचातून वाट काढण्याचा विसाव्या शतकातील सर्वांत गंभीर प्रयत्न म्हणून हिरोशिमाच्या शांतिस्मारक उद्यानाकडे पाहावे लागते. प्रस्तुत लेखात त्या उद्यानाची वास्तुरचना आणि तेथील शिलालेखाची वाक्यरचना यांचा एकत्रित विचार करावयाचा आहे. वास्तुरचनेचा विचार वास्तुविशारदांनी करावा आणि शिलालेखाचा इतिहासकारांनी, ही विभागणी सोयीची असली तरी या ठिकाणी ती उपयोगी पडत नाही. दोहोंचा प्रश्न एकच आहे : या वाक्याचा कर्ता कोण?

६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ८ वाजून १५ मिनिटांनी हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकण्यात आला. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसे मृत्युमुखी पडली, असा अंदाज सामान्यतः मान्य केला जातो. आपण आताच ‘बॉम्ब टाकण्यात आला’ असे लिहिले, हे वाचकाच्या लक्षात आले असेलच. कर्मणी प्रयोग किती सहजपणे लेखणीतून उतरतो, याचे याहून जवळचे उदाहरण देता येणार नाही.

शिलालेख

उद्यानाच्या मध्यभागी खोगिराच्या आकाराची एक कमान आहे. ६ ऑगस्ट १९५२ रोजी तिचे अनावरण झाले. तिच्याखालील दगडी पेटीत मृतांची नामावली ठेवलेली आहे आणि पेटीच्या दर्शनी भागावर एक छोटे वाक्य कोरले आहे. त्याचा आशय असा की, शांतपणे विसावा घ्या, कारण ही चूक पुन्हा करणार नाही. वाक्य लिहिले तादायोशी साइका यांनी. ते हिरोशिमा विद्यापीठात इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक होते आणि स्वतः बॉम्बस्फोटातून वाचलेले होते. त्यांना ही विनंती केली होती तत्कालीन महापौर शिन्झो हामाई यांनी.

जपानीत कर्ता गाळणे हा अपवाद नव्हे, रूढी आहे. त्यामुळे मूळ वाक्यात ‘कोण’ हे सांगितलेले नाही आणि जपानी वाचकाला ते व्याकरणदृष्ट्या खटकण्याचेही कारण नाही. परंतु इंग्रजीत कर्त्यावाचून वाक्य उभे राहत नाही. साइकांनी स्वतःच इंग्रजी अनुवाद केला, तेव्हा त्यांना प्रथमपुरुषी अनेकवचनी सर्वनाम घालावे लागले. जपानीतला ‘चूक’ या अर्थाचा साधा शब्दही त्या अनुवादात ‘दुष्कृत्य’ या अर्थाकडे झुकला.

नोव्हेंबर १९५२ मध्ये न्यायमूर्ती राधाबिनोद पाल हिरोशिमात आले. टोकियो येथील आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायाधिकरणातील अकरा न्यायाधीशांपैकी ते एक होते आणि १९४८ साली सर्व आरोपींना निर्दोष ठरविणारे भिन्नमतपत्र त्यांनी लिहिले होते. शिलालेखाचा अर्थ समजून घेतल्यावर त्यांनी तीव्र आक्षेप घेतला. येथे विसावलेले लोक बॉम्बचे बळी आहेत. बॉम्ब टाकणारे हात जपानी नव्हते. मग चूक न करण्याची ग्वाही जपान्यांनी का द्यावी, असा त्यांचा सवाल होता. साइकांनी त्यांना पत्र लिहून निषेध नोंदविला. वाक्यातील ‘आम्ही’ हा केवळ जपानी समाज नसून हिरोशिमाचा नागरिक येथे जगाचा नागरिक म्हणून बोलत आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

या वादाकडे मराठीच्या खिडकीतून पाहिले तर एक वेगळीच गोष्ट दिसते. इंग्रजीतल्या एका सर्वनामासाठी मराठीत दोन शब्द आहेत. ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा वगळला जातो. ‘आपण’ म्हणताना तो सामावला जातो. पालांनी वाचले ते ‘आम्ही’ : आम्ही जपानी, ऐकणारे तुम्ही परके. साइकांना अभिप्रेत होते ते, प्रथमदर्शनी तरी, ‘आपण’ : वाचणारा कोणीही असो, तो या ग्वाहीत सामील आहे. दोघांचा मतभेद मराठी व्याकरणाच्या एका नियमात मावतो, असे वाटून भाषांतरकार क्षणभर सुखावेल.

पण प्रकरण एवढ्यावर मिटत नाही. हे वाक्य वाचणाऱ्याला उद्देशून नाहीच. ते मृतांना उद्देशून आहे. ऐकणारे ते आहेत. तेव्हा ‘आपण ही चूक पुन्हा करणार नाही’ असे भाषांतर केले, तर मृतही चुकीचे भागीदार ठरतात, आणि पालांचा संताप उलट अधिकच रास्त होतो. मृतांना वगळायचे तर ‘आम्ही’च म्हटले पाहिजे, मात्र तो ‘आम्ही’ जपान्यांचा नव्हे, तर मृतांसमोर उभ्या असलेल्या सर्व जिवंतांचा. साइकांच्या पत्रातील भूमिका या अर्थीच टिकते असे प्रस्तुत लेखकाला वाटते. पालांचे व्याकरण चुकले नव्हते. वाक्य कोणाशी बोलते आहे याकडे त्यांचे दुर्लक्ष झाले.

आणखी एक वाट आहे, आणि मराठी माणसाला ती फार परिचित आहे : ‘ही चूक पुन्हा होणार नाही.’ आपल्या कार्यालयांतील खुलाशांत हे वाक्य रोज लिहिले जाते. ‘केली’ टाळून ‘झाली’ म्हटले की चूक पावसासारखी होऊन जाते. शिलालेखाचे असे भाषांतर सर्वांत सहज वाचले जाईल, आणि तेच सर्वांत चुकीचे ठरेल. कारण मूळ जपानी क्रियापद सकर्मक आहे. तेथे कर्ता अनुक्त आहे, अनुपस्थित नाही. कोणीतरी करणारा आहे, फक्त त्याने आपले नाव सांगितलेले नाही. प्रस्तुत विवेचनाचा सारा भर या भेदावर आहे.

पुढे हा वाद शमला नाही. १९८३ साली नगरपालिकेने शेजारी खुलाशाचा फलक लावला. सर्व लोकांनी मृतांसाठी प्रार्थना करावी आणि युद्धाची चूक पुन्हा न करण्याची शपथ घ्यावी, असा त्याचा भावार्थ आहे. फलकाने कर्ता पुरविला आणि कर्मही. तरीही जुलै २००५ मध्ये एका उजव्या विचाराच्या तरुणाने छिन्नीने शिलालेखातील नेमका ‘चूक’ हा शब्द खरवडला. त्याच वर्षी टोकियोतील यासुकुनी मंदिराच्या आवारात पालांचे स्मारक उभे राहिले. पालांनी आपल्या मतपत्रात नानजिंगसारख्या ठिकाणच्या जपानी अत्याचारांचा इन्कार केलेला नव्हता. त्यांचा प्रश्न न्यायाधिकरणाच्या अधिकाराचा आणि पूर्वलक्षी कायद्याचा होता. आपल्याकडे पालांचा उल्लेख अभिमानाने होतो आणि तो व्हावाही. पण त्यांच्या नावाचा आधार कोण, कशासाठी घेते, हे पाहण्याचे कष्ट आपण फारसे घेतलेले नाहीत.

अक्ष

१९४९ साली हिरोशिमा शांतिस्मारक नगरउभारणी कायदा झाला आणि त्याच वर्षी उद्यानाच्या आराखड्यासाठी स्पर्धा घेण्यात आली. केन्झो तांगे व त्यांच्या सहकाऱ्यांचा आराखडा पहिला आला. तांगे हिरोशिमात शिकलेले होते. त्यांची मूळ कल्पना एका वाक्यात सांगता येते. शंभर मीटर रुंद मार्गाला काटकोनात एक सरळ रेषा काढायची. तिच्यावर खांबांवर उचललेली संग्रहालयाची इमारत, तिच्यापुढे कमान, आणि कमानीतून पाहिले की नदीपलीकडे उद्ध्वस्त घुमट.

हा घुमट म्हणजे चेक वास्तुविशारद यान लेत्सेल यांनी रचलेले, १९१५ साली पूर्ण झालेले प्रांतिक प्रदर्शनगृह. स्फोटबिंदूच्या थेट खालच्या जागेपासून ते सुमारे १६० मीटरवर आहे. तांगेंनी आराखडा केला तेव्हा ते अवशेष राहणार की पाडले जाणार, हे ठरलेले नव्हते. अनेकांना ते नजरेसमोरून जावे असे वाटत होते, आणि ज्यांनी आपली माणसे गमावली त्यांच्या या भावनेला नावे ठेवता येत नाहीत. नगरपरिषदेने ते जतन करण्याचा ठराव केला तो १९६६ मध्ये. जागतिक वारसा यादीत त्याचा समावेश झाला १९९६ मध्ये. म्हणजे ज्या वास्तूचे भवितव्य अनिश्चित होते, तिलाच तांगेंनी आपल्या रचनेचे टोक केले. आज तो घुमट नसलेला हिरोशिमा कल्पनेत आणता येत नाही, याचे मोठे श्रेय या एका रेषेला द्यावे लागेल.

या रेषेवर काय नाही, तेही पाहावे. विमान नाही, सैनिक नाही, शत्रू नाही, आक्रोश करणारी आकृती नाही. आपल्याकडे स्मारकाची चर्चा बहुधा उंचीपाशी सुरू होते आणि पुष्कळदा तेथेच संपते. ही कमान मात्र मुद्दाम ठेंगणी आहे. प्राचीन जपानी थडग्यांभोवती ठेवल्या जाणाऱ्या मातीच्या घरांच्या छपरावरून तिचा आकार घेतलेला आहे : मृतांच्या आत्म्यांवर पाऊस पडू नये म्हणून घातलेले छप्पर. कमानीसमोर उभा राहणारा माणूस वाकून पाहतो आणि त्याला समोर उद्ध्वस्त घुमट दिसतो. शिलालेखात ज्या कर्त्याची जागा मोकळी आहे, तेथे रचनेने त्यालाच आणून उभे केलेले असते. शब्द आणि वास्तू यांचे असे ऐक्य फार थोड्या स्मारकांत साधले आहे.

परंतु या रेषेला एक पूर्वेतिहास आहे. १९४२ साली, युद्ध ऐन भरात असताना, बृहत्तर पूर्व आशियाच्या उभारणीचे स्मारक या विषयावरील स्पर्धेत तांगेंनी पहिले पारितोषिक मिळविले होते. फुजी पर्वताच्या पायथ्याशी युद्धात पडलेल्यांसाठी एक भव्य परिसर, त्याच्या मध्यावर पारंपरिक मंदिराच्या छपराची आठवण देणारी वास्तू, आणि सारे एका अक्षावर. तो आराखडा कागदावरच राहिला. तो आणि हिरोशिमा यांतील साम्य जपानी समीक्षकांनी पुढे दाखवून दिले आहे. साम्राज्याच्या स्मारकाचा सांगाडा सात वर्षांत शांतीच्या स्मारकाला चालला, हे वाचून अस्वस्थ व्हायला होते. एवढ्यावरून हिरोशिमाचा आराखडा दूषित ठरविणे मात्र उतावीळपणाचे होईल. सरळ रेषा सर्वांची तोंडे एका दिशेला वळविते. ती कोठे वळविते यावर तिची नीती ठरते. १९४२ मध्ये ती साम्राज्यासाठी पडलेल्यांच्या गौरवाकडे वळविली होती, १९४९ मध्ये उद्ध्वस्त घराकडे. आक्षेप घ्यायचाच तर तो दुसऱ्या मुद्द्यावर घ्यावा. सर्वांनी एकाच दिशेला पाहिले की आजूबाजूचे दिसेनासे होते.

अक्षाबाहेर

उद्यानाच्या वायव्येला, अक्षापासून बाजूला, गवताने झाकलेला मातीचा एक गोल उंचवटा आहे. आपल्या डोळ्यांना तो लहानशा स्तूपासारखा दिसेल. १९५५ साली बांधलेल्या त्या उंचवट्याखाली ओळख न पटलेल्या सुमारे ७० हजार माणसांची रक्षा आहे. पूर्वी तेथे एक बौद्ध मंदिर होते आणि स्फोटानंतर त्याच आवारात असंख्य प्रेतांना अग्नी देण्यात आला. आठशेच्या आसपास मृतांची नावे ठाऊक आहेत, पण त्यांच्या अस्थी न्यायला कोणी आलेले नाही. त्यांची यादी नगरपालिका अजूनही प्रसिद्ध करीत असते. कमानीखाली नावे आहेत. देहांची राख येथे आहे. राष्ट्रप्रमुख पुष्पचक्र वाहतात ते मात्र कमानीपाशी, कारण छायाचित्रात घुमट तेथूनच येतो.

दुसरी गोष्ट जमिनीची. उद्यान ज्या नाकाजिमा भागावर आहे, तो १९४५ पूर्वी दुकाने, घरे, मंदिरे यांनी गजबजलेला होता. तो पुसला गेला, त्यावर भराव पडला आणि हिरवळ आली. तेथे पहिल्यापासून बागच होती, असे अनेक पाहुण्यांना वाटते. सुंदर रचनेने केलेली ही हानी आहे. मार्च २०२२ मध्ये या भरावाखालील घरांचे व रस्त्याचे अवशेष दाखविणारी छोटी वास्तू उद्यानात खुली झाली, तेव्हा तिला उशीर झाला असे म्हटले तर ते कठोर ठरू नये. लष्करी तळ म्हणून हिरोशिमाने बजावलेली भूमिकाही अशीच उशिरा आली. १८९४ च्या चीन-जपान युद्धात सम्राटाचे युद्धमुख्यालयच या शहरात होते. संग्रहालयात या बाजूला नीट जागा मिळाली १९९४ मध्ये.

मात्र सर्वांत बोलकी उदाहरणे दोन आहेत.

पहिले इसामू नोगुची यांचे. जपानी कवी योने नोगुची आणि अमेरिकन आई यांचा हा मुलगा १९०४ साली लॉस एंजेलिस येथे जन्मला. (रवींद्रनाथ ठाकुरांशी १९३८ मध्ये चीनवरील आक्रमणाच्या समर्थनार्थ पत्रातून वाद घालणारे ते हेच योने नोगुची.) १९४२ मध्ये अमेरिकेने आपल्या जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबले, तेव्हा इसामू स्वतःहून ॲरिझोनातील छावणीत राहायला गेले. असा माणूस हिरोशिमात काही घडवू इच्छित होता. उद्यानाकडे जाणाऱ्या दोन पुलांचे कठडे त्यांनी घडविले. एका पुलाचे कठडे टोकाशी उगवत्या सूर्यासारखे गोल होतात, दुसऱ्याचे निघालेल्या नावेसारखे. त्यांची मूळ नावे जगणे आणि मरणे अशी होती. पुढे ती सौम्य करण्यात आली. कमानीचा आराखडाही त्यांनीच केला होता : काळ्या ग्रॅनाइटची जाड कमान, तिचे पाय जमिनीखाली उतरलेले, आणि खाली भुयारासारख्या दालनात मृतांची नावे. १९५२ मध्ये समितीने तो नाकारला. समितीत तांगेंचे गुरू हिदेतो किशिदा यांचा शब्द चालत होता. नोगुचींचे अमेरिकन असणे हेच नकाराचे कारण मानले जाते. मग तांगेंनी अगदी थोड्या दिवसांत स्वतःची कमान रचली, आणि नोगुचींच्या आकाराची छाया तिच्यावर राहिलीच.

या नकारामागची वेदना समजण्यासारखी आहे. अनावरणाच्या दिवशी बॉम्बला फक्त सात वर्षे झाली होती. तरीही शिलालेखाच्या शेजारी ठेवून पाहिले की विसंगती लपत नाही. वाक्य म्हणते की येथे सर्व माणसे एकाच ‘आम्ही’त उभी आहेत, समिती म्हणते की त्या ‘आम्ही’त हा माणूस बसत नाही. आणि ज्याला दोन्ही देशांनी परका मानले, त्याच्याहून या वाक्याचा अधिक योग्य कर्ता कोण मिळणार होता? रचना म्हणूनही नोगुचींचा आराखडा श्रेष्ठ होता, असे माझे मत आहे. तांगेंच्या कमानीतून आरपार पाहता येते. नोगुचींच्या कमानीखाली उतरावे लागले असते.

दुसरे उदाहरण कोरियन मृतांचे. १९१० पासून जपानच्या ताब्यात असलेल्या कोरियातून आलेली व आणलेली हजारो माणसे त्या दिवशी हिरोशिमात होती. एप्रिल १९७० मध्ये जपानमधील कोरियन समाजाने त्यांचे स्मारक उभारले : दगडी कासव, त्याच्या पाठीवर उंच शिला, तिच्यावर वीस हजार मृतांचा उल्लेख. ते उभे राहिले नदीच्या पलीकडे, उद्यानाबाहेर. कोरियन राजघराण्यातील एक राजपुत्र स्फोटानंतर तेथेच सापडला होता, हे स्थळनिवडीचे कारण सांगितले जाते आणि ते खरेही आहे. परंतु पुढे स्मारक आत घेण्याची मागणी झाली, तेव्हा नवीन स्मारकांना उद्यानात जागा न देण्याचे धोरण आडवे आले. कासव नदी ओलांडून आत आले ते जुलै १९९९ मध्ये, एकोणतीस वर्षांनी. शांतीच्या उद्यानाची कुंपणरेषा मृतांचे राष्ट्रीयत्व पाहून आखली गेली होती, असा समज त्या काळात कोरियन समाजात दृढ झाला असेल तर तो गैरसमज म्हणून झटकता येत नाही.

आजचा कर्ता

२७ मे २०१६ रोजी बराक ओबामा हे पदावर असताना हिरोशिमाला भेट देणारे पहिले अमेरिकन राष्ट्राध्यक्ष ठरले. कमानीजवळ केलेल्या भाषणाचा आरंभ त्यांनी, एका निरभ्र सकाळी आकाशातून मृत्यू कोसळला, अशा आशयाच्या वाक्याने केला. पुढे त्यांनी जपानी, कोरियन आणि अमेरिकन युद्धकैदी अशा सर्व मृतांचा आवर्जून उल्लेख केला. त्या बाबतीत ते भाषण उद्यानापेक्षा उदार होते. पण कर्त्याच्या जागी त्यांनी मृत्यूलाच बसविले. साइकांचे वाक्य आणि हे वाक्य वरवर सारखी वाटतात. एकात करणारा अनुक्त आहे आणि तो बोलणाराच आहे. दुसऱ्यात करणारा बदलला आहे आणि बोलणारा साक्षीदार झाला आहे. बळी ठरलेल्या शहराने दाखविलेले औदार्य सामर्थ्यवानाला अशी पळवाट देऊ शकते, ही पालांची मूळ शंका होती. तिचे उत्तर १९५२ मध्ये त्यांना मिळाले होते, २०१६ मध्ये ती पुन्हा अनुत्तरित झाली.

आपणही या प्रश्नाबाहेर नाही. ६ ऑगस्टला हिरोशिमाच्या बळींना श्रद्धांजली वाहण्याचा प्रघात आपल्या संसदेत आहे. १९७४ आणि १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतरही तो चालू राहिला. मे २०२३ मध्ये सात प्रगत राष्ट्रांच्या परिषदेनिमित्त अण्वस्त्रधारी अमेरिका, ब्रिटन व फ्रान्स यांचे नेते या कमानीपुढे उभे राहिले, आणि निमंत्रित म्हणून आपले पंतप्रधानही. ज्यांच्या हाती हे अस्त्र आहे त्यांनी ते वाक्य कोणत्या पुरुषात वाचले असेल? ‘ते करणार नाहीत’ असे वाचून पुष्पचक्र वाहता येते, आणि रचनेत त्याला अडविणारे काही नाही. त्याच परिषदेच्या दिवसांत जपान व दक्षिण कोरियाच्या प्रमुखांनी मिळून कासवाच्या पाठीवरील शिलेपुढे मान लवविली, हीही नोंद केली पाहिजे.

कमानीखालील नामावलीत आज ३ लाख ४० हजारांहून अधिक नावे आहेत, कारण स्फोटातून वाचलेल्यांपैकी जे पुढे मरण पावतात त्यांची नावे दर वर्षी ६ ऑगस्टला तीत घातली जातात. खंडांची संख्या शंभराच्या वर गेली आहे. त्यांतल्या एका खंडात एकही नाव नाही. ज्यांची नावे कोणालाच कळली नाहीत, त्यांच्यासाठी तो राखलेला आहे. दर वर्षी मे महिन्यात नामावली बाहेर काढून पांढऱ्या कापडावर ठेवली जाते आणि दमट हवेने कागद खराब होऊ नये म्हणून नगरपालिकेचे कर्मचारी हातमोजे घालून पान न् पान उलटून तिला वारा देतात.